फोटोत मावलेलं टेबल

लेन्स डब्यातून बाहेर काढताक्षणी तो तिच्या प्रेमात पडला. ज्याचा धंदाच लेन्सचे दोष काढण्याचा आहे, त्याच्यासाठी ही सुरुवात काही बरी नव्हती.

छायाचित्रणाच्या एका मासिकात तो परीक्षणं लिहायचा. त्याची बायको या व्यवसायाला ‘दुसऱ्याच्या खेळण्याने खेळणे’ म्हणत असे. या वेळचं खेळणं होतं मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची एक स्वस्त, हाताने फोकस करायची, प्रचंड रुंद कोनाची लेन्स. अंगाने धातूची, वजनदार, रिंगवर अंतराचे आकडे कोरलेले. रुंद इतकी की खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभं राहिलं, की सगळी खोली फोटोत यायची आणि सावध नसलं तर स्वतःचे बूटही यायचे. आत विजेचा कारभार मात्र काहीच नव्हता. आपल्याला लेन्स लावली आहे याचा कॅमेऱ्याला पत्ताच लागत नसे. ‘लेन्स नसली तरी फोटो काढ’ असं त्याला मेनूत जाऊन बजावावं लागे. त्यामुळे फोटो कोणत्या लेन्सने काढला याची कुठेही नोंद राहत नसे. ही बाब त्याने गैरसोयींमध्ये लिहिली. पुढे त्याला ती सोय वाटू लागली.

परीक्षण चालू होतं त्याच आठवड्यात त्याला ताईच्या दुकानासाठी एक खोली बघायची होती. ताई शिवणकाम करायची, दुसऱ्या गावात, भाड्याच्या जागेत. दुकान बरं चाललं होतं. पण ‘आता एकमेकांजवळ राहू’ असं हाच तिला वर्षभर सांगत होता, आणि शेवटी तिने मनावर घेतलं. अट एकच होती: कापड बेतायचं तिचं लांबलचक टेबल नव्या जागेत मावलं पाहिजे, आणि चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. त्या टेबलाच्या एका टोकाला तिने सगळ्या गावाचे कपडे बेतले होते, आणि दुसऱ्या टोकाला बसून तो दहावी झाला होता.

“बारक्या, डोळ्यांनी अंदाज घेऊ नकोस,” तिने बजावलं होतं. डोक्यावरचे केस मागे हटले तरी तिच्या लेखी तो बारक्याच होता. “हा माझा टेप घेऊन जा. माप घे आणि मला सांग.”

टेप त्याने कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकला. खोली उघडली आणि तो हरखून गेला. सरळ चौकटी, चौकोनी फरशा, समोर जाळीची खिडकी! लेन्स कडेला रेषा किती वाकवते हे तपासायला देवाने धाडलेली खोली. त्याने टेप काढला, एक टोक खिडकीला लावलं, दुसरं कॅमेऱ्याशी धरलं, आणि रिंगवरचे आकडे खरं बोलतात का ते तपासलं. मग टेप गुंडाळून पुन्हा बॅगेत ठेवला.

उरलेला वेळ त्याने फोटो काढले. त्यातला सगळ्यात देखणा ताईला पाठवला.

तिचा लगेच फोन आला. “अरे, ही खोली आहे की कार्यालय! टेबल मावेल ना?”

तो तेव्हा घरी संगणकासमोर होता. त्याने पडद्यावरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे दोन टेबलं मावली असती.

“मावेल की,” तो म्हणाला.

त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता. त्याची बाजू घेऊन एवढंच म्हणता येईल, आणि हे एवढंच पुरत नाही, कारण पुढच्याच आठवड्यात तो परीक्षण लिहायला बसला. गुण झाले, दोषांकडे आला, आणि हात सरावाने लिहून गेला: ‘या लेन्सने लहान खोली प्रत्यक्षापेक्षा बरीच मोठी भासते. जागेचा अंदाज घेण्यासाठी वाचकांनी अशा छायाचित्रांवर विसंबू नये.’

वाक्य त्याने पुन्हा वाचलं. आयुष्यात कधी न भेटलेल्या हजारो वाचकांना त्याने वेळेवर सावध केलं होतं. सख्खी बहीण तेवढी राहिली होती.

त्याने फोन लावला.

“बरं झालं तूच केलास,” ताई म्हणाली. “उद्या इथल्या मालकाला दुकानाची किल्ली परत द्यायचीय. शेजारीण म्हणते, न बघता जागा घेतेस? म्हटलं, माझ्या भावाने बघितलीय. कॅमेऱ्यातला माणूस आहे तो, नजर पक्की. तू काय म्हणत होतास?”

“काही नाही. जेवलीस का, विचारायला केला होता.”

“आत्ता? चार वाजता?”

“सहज.”

वाक्य त्याने परीक्षणात तसंच ठेवलं. संपादकांनी ‘प्रामाणिक’ म्हणून त्याची तारीफ केली.

टेम्पो आला. टेबल आत गेलं, म्हणजे घुसवावं लागलं, आणि खोली संपली. दार अर्धवट उघडत होतं. शिलाई मशीन रस्त्यावर उभं होतं. टेबलाच्या पलीकडे जायचं तर टेबलाखालून रांगत जावं लागत होतं. हमालांनी तसं जाऊन दाखवलंही.

ताई दारात उभी राहून बघत होती.

“माझंच डोकं फिरलं,” ती म्हणाली. “उभा जन्म लोकांची मापं घेतली आणि स्वतःच्या वेळी फोटो बघून हुरळले. बारक्या, तू तोंड पाडू नकोस रे. तू तरी काय करणार?”

शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

कोपऱ्यावरचा सुतार बोलावला. त्याने टेबलावर हात फिरवला. “जुनं सागवान आहे. कापायचं जिवावर येतं, ताई. कोणत्या बाजूने घेऊ?”

“त्या. तिकडे याने शाळेत असताना कंपासने कोरकाम केलंय. कापड अडकतं.”

“टोक धरा, साहेब,” सुतार त्याला म्हणाला. “नाहीतर शेवटी चिरफाळेल.”

त्याने टोक धरलं. त्याने दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा करवतीचा आवाज मोठा होता. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं. मग आवाज थांबला आणि टेबलाचा तुकडा त्याच्या हातात आला. त्यावर त्याचंच नाव होतं, वेडंवाकडं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं.

“ताई, खोली मोठी नव्हतीच. लेन्स तशी आहे. लहान जागा मोठी दिसते तिच्यात.”

ताई भुसा झटकत होती. तिचा हात थांबला. “माझा टेप कुठाय?”

त्याने बॅगेतून काढून दिला.

“मग याने काय मोजलंस?”

“लेन्सपासून खिडकीपर्यंतचं अंतर. लेन्सवरचे आकडे बरोबर आहेत का ते बघायला.”

“होते?”

“जवळजवळ.”

सुताराला अचानक करवत पुसायची फार गरज भासली.

“आणि हे तुला कळलं कधी?”

“परीक्षण लिहिताना.”

“तेव्हा मी किल्ली दिली होती?”

“नव्हती दिलीस,” तो म्हणाला. “जेवलीस का विचारलं, तेव्हा.”

ताईने मान हलवली. मग टेपने उरलेलं टेबल मोजलं, लांबी, रुंदी, भिंतीपर्यंतची जागा. सगळं दोनदा मोजलं. त्याच्याकडे न बघता म्हणाली, “कॅमेरा आणलायस ना? काढ फोटो. त्याच लेन्सने. टेबल पुढे येऊ दे.”

तो टेबलाच्या कापलेल्या टोकाशी वाकला. या लेन्सला जवळची वस्तू लांबवायची भारी हौस. फोटोत टेबल पूर्वीपेक्षा लांब दिसत होतं.

ताईने त्याची मोठी प्रत काढून घेतली आणि दाराशेजारी लावली. गिऱ्हाइकं येतात, फोटो बघतात, मग खोली बघतात.

“हे तुमचं मोठं दुकान का? कुठे आहे?”

“हेच,” ताई गळ्यात टेप अडकवत सांगते. “माझ्या भावाने काढलाय. नजर फार पक्की त्याची.”

दर रविवारी तो तिच्याकडे चहाला जातो. बसायला स्टूल दाराजवळच आहे, फोटोखाली. दुसरीकडे कुठे मावत नाही.