आरुषीच्या पेशी आणि मी

माझ्याकडे टक लावून बघू नका, मित्रांनो. डोळे चुरचुरतील, लाल होतील. मी जुना झालो असलो तरी माझा स्वभाव गेलेला नाही. धारवाडच्या एका कॉलेजातला अतिनील किरणांचा दिवा आहे मी. उजेड देणं हे माझं काम कधीच नव्हतं. माझं काम मारण्याचं.

माझी नळी कुठून तरी लांबून आली, पण पत्र्याची पेटी हुबळीच्या गोकुळ रोडवर घडली. कारागिराने तिला काचेचं दार लावलं आणि बजावलं, "दार उघडं टाकून बटण दाबू नका हं, सर." ते सर म्हणजे प्राध्यापक सुधींद्र. त्यांनी मला तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन बसमधून धारवाडला आणलं. इतक्या मायेने त्यांनी पुढे दुसऱ्या कुणाला धरल्याचं मी पाहिलं नाही.

सरांचा विषय होता यीस्ट. पाव फुगवतं तेच. बशीत त्याच्या पेशी पसरायच्या आणि माझ्याखाली ठेवायच्या. बटण दाबलं की मी त्यांच्या डीएनएवर तुटून पडे. डीएनए म्हणजे जोडीने पिळलेले दोन लांब दोरे. जगायचं कसं ते सगळं त्यांवर अक्षराअक्षरांनी लिहिलेलं असतं. माझा किरण लागला की शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि मजकूर वाचता येईनासा होतो.

पण यीस्ट चिवट. पेशीच्या आत दुरुस्ती करणारी प्रथिनं फिरत असतात. ती बिघाड हुडकतात, बिघडलेला तुकडा दोन्ही बाजूंनी कापून फेकतात आणि समोरच्या दोऱ्याकडे बघून नवा तुकडा भरतात. शिवाय साधा उजेड मिळाला तर आणखी एक प्रथिन चिकटलेली अक्षरं नुसती सोडवून देतं. म्हणून प्रयोगानंतर बशा अंधारात ठेवाव्या लागत. माणसाकडे हे उजेडातलं प्रथिन नाही. माणसाला फक्त कापून भरणं येतं.

काही जातींमध्ये कापणाऱ्या प्रथिनाचा जीनच मोडलेला असे. सर त्यांना ‘लंगडी’ म्हणत. माझी झुळूक लागली तरी त्या मरत. सरांचा जीव त्यांच्यावरच. "मेलेल्यांकडूनच कळतं, कोणता जीन काय करतो ते," असं ते दर वर्षी नव्या मुलांना सांगत.

या बशा धुवायचं काम संघपालकडे होतं. मुलं त्याला अण्णा म्हणत. त्याला मुलगी झाली तेव्हा त्याने साऱ्या विभागाला पेढे वाटले. नाव ठेवलं आरुषी. सूर्याचा पहिला किरण.

पुढे तो गप्प गप्प राहू लागला. पोर अंगणात नेली की भाजल्यासारखी लाल होई. चेहऱ्यावर, हातांवर तपकिरी ठिपके दाट होत चालले होते. एक दिवस बायको आजारी होती म्हणून त्याने मुलीला लॅबमध्ये आणलं. सरांनी पेनाच्या टोकाने तिची हनुवटी वर केली आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"बायको नात्यातली का रे?"

"हो, सर. मामाची मुलगी. रूपा."

"वाटलंच," सर म्हणाले.

हुबळीच्या दवाखान्यात आरुषीच्या दंडाची चिमूटभर कातडी काढली. तिच्या पेशी शेजारच्या खोलीत वाढवल्या आणि एका सकाळी माझ्याखाली ठेवल्या. सरांनी मला अगदी थोडकं लावलं, लंगड्या यीस्टला लावत तेवढंच. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकात बघून त्यांनी टाळी वाजवली.

"क्लासिक! एकही उरली नाही!"

संघपाल दारात ओल्या हातांनी उभा होता. सर हसताहेत म्हणून तोही हसला. "म्हणजे चांगलं आहे ना, सर?"

उत्तर सरांनी दिलं नाही, वेदश्रीने दिलं. वेदश्री सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. तिने त्याला स्टुलावर बसवून सांगितलं, की आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही जीन मोडके आले आहेत. उन्हाने झालेली इजा आरुषीच्या पेशींना भरून काढता येत नाही. ती साठत जाते आणि पुढे तिचा कॅन्सर होतो.

संघपालने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, परवा तुम्ही लंगड्या यीस्टमध्ये चांगला जीन घातला. ती जगली. बशी मीच धुतली की. तसा माझ्या पोरीत घाला."

"अण्णा, ती एकेक सुटी पेशी असते. आरुषीच्या अंगात कोट्यवधी आहेत. तिथपर्यंत अजून कुणाचा हात पोचलेला नाही."

"बघा की, अक्का. थोड्या थोड्या करून."

वेदश्रीला पुढे बोलता आलं नाही.

त्यानंतर आरुषीच्या घरी खिडक्यांना जाड काळे पडदे लागले. सुभाष रोडवरून रुंद काठाची टोपी आली, काळा गॉगल आला, हातमोजे आले. गल्लीतल्या बायका आपापली मुलं तिच्यापासून लांब ओढू लागल्या. शाळेने ‘इतर पालक तक्रार करतात’ म्हणून तिला घरी बसवलं.

ती सात वर्षांची असताना विभागात बाहेरगावचे शास्त्रज्ञ येणार होते. सर संघपालला म्हणाले, "मुलीला आण. पाहुण्यांत मोठे डॉक्टर आहेत. काही मार्ग निघाला तर निघाला." त्या शब्दावर तो तिला भरदुपारी घेऊन आला. अंगभर कपड्यांत गुंडाळून, छत्री धरून. रूपा बाहेर जिन्यावर बसली.

सरांनी आरुषीला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. तिची टोपी काढली. गॉगल काढला. तिच्या चेहऱ्याच्या फोटोला ट्यूबलाइट पुरत नव्हती म्हणून त्यांनी खिडकी सताड उघडली.

"सर, ऊन येतंय," वेदश्री पुढे झाली. "निदान पडदा..."

"दोन मिनिटांचं काम आहे, वेदश्री. तुला बघवत नसेल तर बाहेर जा."

सगळे पाहुणे वेदश्रीकडे बघत होते. तिच्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. मित्रांनो, ती बाहेर गेली.

आरुषी डोळे मिटू लागली. सर म्हणाले, "उघड, उघड. शहाणी ना तू?" संघपाल भिंतीला टेकून उभा. तेवढ्यात वेदश्रीकडून कळून रूपा आत आली. कुणालाही न विचारता ती थेट खिडकीपर्यंत गेली, लेकीच्या डोक्यावरून पदर ओढला आणि तिला उचललं.

"अहो, दोन मिनिटं होती फक्त," सर म्हणाले.

"तुमची दोन मिनिटं, साहेब. तिच्या अंगातून ती कधी जायची नाहीत," रूपा म्हणाली आणि निघून गेली.

मोठ्या डॉक्टरांनी मार्ग काढला नाही. फोटो मात्र छान आला. सरांच्या शोधनिबंधात छापला गेला आणि मोठा करून बाहेरच्या भिंतीवर काचेत लावला. कुणी ओळखू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी होती. ती काच पुसायचं काम संघपालचं. "हा काढा ना, सर," असं तो एकदाच म्हणाला. सर म्हणाले, "अरे, विभागाचा मान आहे तो." संघपाल रोज सकाळी लेकीचा चेहरा फडक्याने पुसत राहिला.

पुढे आरुषीच्या नाकावर गाठ आली, ती कापली. मग पापणीवर आली. डावा डोळा काढावा लागला.

सर निवृत्त झाले. गळ्यात हार, हातात शाल. वेदश्री त्यांच्या जागी आली. एका संध्याकाळी, दिवस मावळल्यावर, तिने आरुषीला बोलावून घेतलं. बारा वर्षांची मुलगी, उंच, बारीक, एका डोळ्यावर कापूस. संघपाल दाराबाहेर थांबला. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"त्या दिवशी मी बाहेर जायला नको होतं, आरुषी," वेदश्री म्हणाली.

"हो," आरुषी म्हणाली.

वेदश्रीने आपलं स्टूल जवळ ओढलं. मग विचारलं, "तुला काही हवंय का?"

"तो फोटो."

वेदश्रीने तो भिंतीवरून उतरवून आणला. आरुषीने मागचे खिळे वाकवून काच काढली आणि नखाने काळी पट्टी खरवडू लागली.

"काय करतेस?"

"घरचे सगळे फोटो गॉगलमधले आहेत. या एकाच फोटोत काढला होता. दोन डोळे असताना मी कशी दिसायचे, ते बघायचंय."

शाई सुटली. खाली पांढरा कागद निघाला. तिने आणखी थोडं खरवडलं, कागदाला भोक पडलं, तेव्हा थांबली. मग फोटो उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाहेर माझे अप्पा आहेत, त्यांना हाक मारा. घरी जाऊ."

आता माझ्या जागी नवा दिवा आला आहे. मी कपाटावर पडून आहे. मित्रांनो, तुम्ही उन्हातून खेळून येता तेव्हा तुमच्या पेशी कापून, भरून, तुम्हाला पत्ताही न लागू देता नीट होतात. ज्याला हे दान मिळालेलं नाही, असं कुणी तुमच्या गल्लीत असेल, तर त्याला बघायला म्हणून जाऊ नका. दिवस मावळू द्या, मग खेळायला हाक मारा.