दोष आढळला नाही

कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइन विभागाला असलेले शरच्चंद्र देशकर हे हुशार गृहस्थ होते, आणि या गोष्टीतलं सगळं दुखणं त्या हुशारीचंच आहे. दोनशे मेगावॅटचा संच अडला की मोठे साहेबसुद्धा आधी त्यांच्या तोंडाकडे बघत. अशा माणसानं एक्क्याऐंशी साली दोन दारांची, दोनच माणसांची, लालभडक ‘पवन स्पोर्ट’ गाडी घेतली. वसाहतीत बाकी सगळ्यांच्या स्कूटरी. ज्यांच्याकडे स्कूटरही नव्हती ते गाडी बघायला सहकुटुंब आले.

“अहो, हिच्यात सामान कुठं ठेवायचं?” शामलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, विचारलं.

“ही गाडी सामानासाठी नसते.”

“आणि सासूबाई आल्या तर?”

“आईसाठीही नसते.”

“मग असते तरी कशासाठी?”

या प्रश्नाचं उत्तर पुढं वर्षभर शरच्चंद्रांना सापडणार नव्हतं.

कोराडीत राहायचं म्हणजे राखेशी जुळवून घ्यायचं. वाळत घातलेल्या पापडावर राख, देवाच्या टाकावर राख, दुधाच्या सायीवरसुद्धा राख. आपल्या लाल गाडीवर ही अवकळा येऊ द्यायची नाही, असं ठरवून पहिल्याच रविवारी शरच्चंद्रांनी बाह्या वर सारल्या. काचांच्या कडांना रबर लावलं. दारांच्या फटी बुजवल्या. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं तर त्यात चक्क एक बारीक भोक! राख आत जायला कंपनीनंच ठेवलेली वाट! “एवढी साधी गोष्ट यांना सुचू नये?” असं म्हणून त्यांनी टर्बाइनचे सांधे हवाबंद करायला वापरतात त्या गॅस्केटचा तुकडा कापला, भोक गच्च बुजवलं, झाकणाच्या कडेलाही त्याचीच चकती बसवली आणि हात धुतले. त्या दिवशी जेवताना त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली.

आणि तिथून ग्रह फिरले.

कोराडीहून शहराकडं निघालं की सात-आठ मैल गाडी वाऱ्यासारखी पळायची आणि पागलखाना चौक दिसू लागला की दोन-चार आचके देऊन गप्प व्हायची. आधी नाही, नंतर नाही, नेमकी पागलखान्याशीच. अर्धा-पाऊण तास रस्त्याकडेला उभी राहिली की मग मुकाट्यानं सुरू. तेवढ्यात मागून पाळी संपलेल्या कामगारांची बस यायची. खिडकीतून कोणीतरी ओरडायचं, “साहेब, उतरून राहिले का इथंच? भरती करून घेते म्हनते!” शरच्चंद्र बॉनेटमध्ये डोकं खुपसून ऐकलं नाही असं दाखवायचे. नंतर नंतर तर बॉनेटमध्ये काही बघायचं उरलं नव्हतं, तरी डोकं आतच असायचं.

एकदा हुडकेश्वरला बहिणीकडं हळदीकुंकू होतं. शामलाताई पैठणी नेसून गाडीत बसल्या आणि पागलखाना चौकात उतरून त्याच कामगारांच्या बसमध्ये चढल्या. तिथल्या लोकांनी त्यांना मानानं जागा दिली, ही गोष्ट शरच्चंद्रांना फार लागली. त्या दिवसापासून शामलाताई गाडीला ‘तुमची ती’ म्हणू लागल्या.

गाडी घेतली होती शहरातल्या सदर भागात, ताराचंदशेठच्या शोरूममधून. विकताना शेठजींनी पेढे दिले होते. दुरुस्तीला गेल्यावर पाणीसुद्धा मागून घ्यावं लागलं. “बिलकुल नई गाडी है साब, चलते चलते चलेगी,” असं म्हणून ते आत जायचे आणि शरच्चंद्र वर्कशॉपमध्ये नत्थूजींच्या समोर उभे राहायचे.

नत्थूजी म्हणजे तिथले जुने मिस्त्री. छप्पन्न वर्षांचे, कमी बोलणारे, कानामागं पेन्सिल. गाडी ताब्यात घेताना त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी टाकीचं झाकण उघडायचं, बांबूची खुणा केलेली पट्टी आत बुडवायची आणि पेट्रोल किती आहे ते मालकाला दाखवायचं. गाडी परत देताना पुन्हा तसंच. ही रीतही शरच्चंद्रांमुळंच सुरू झाली होती. पहिल्याच खेपेला त्यांनी “तुमची माणसं पेट्रोल काढून घेतात” असा आरोप भर शोरूममध्ये केला होता.

पट्टी बुडवून झाली की नत्थूजी गाडी फुटाळा तलावापर्यंत फिरवून आणायचे. गाडी अशी गुणाची वागायची की बघत राहावं.

“गाडीले काही झालं नाही साहेब. मी सवता चालवून पाहली.”

“अहो पण बंद पडते ना!”

“मंग माह्या हातात काहून नाही पडत?”

मग कार्ड भरलं जायचं. तक्रार: गाडी बंद पडते. तपासणी: दोष आढळला नाही. अशी सात कार्डं जमली. सातव्या कार्डाला शरच्चंद्रांचा संयम सुटला. त्यांनी मुंबईला, कंपनीच्या मुख्य कचेरीला चार पानी पत्र लिहिलं. संच बंद पडला की जसा अहवाल करतात तसा वेळ, वेग, तापमान, सगळं तक्त्यात मांडून. शेवटी एक वाक्य घातलं, जे लिहिताना त्यांना फार बरं वाटलं: ‘आपला येथील मेकॅनिक एकतर अडाणी आहे किंवा लबाड.’

महिन्याभरात मुंबईहून मुकुंद सबनीस नावाचा साहेब आला. चाचणी शरच्चंद्रांच्या दारातूनच घ्यायची ठरली. सोबत नत्थूजींनाही आणलं होतं. साहेब गाडीभोवती फेरी मारत होते, तेवढ्यात नत्थूजी जवळ आले.

“साहेब, तुमी चिठ्ठीत माह्याबद्दल लिहलं म्हने.”

“मी... गाडीबद्दल लिहिलं.”

“आज गाडी बंद पडली तं मले काढते, असं शेठनं सांगतलं. दोन सालच राहिले होते माहे.” ते रागानं बोलले नाहीत. “पन तुमी बी काय करसान. बंद पडते तं पडतेच.”

शरच्चंद्रांनी गाडीचं दार उघडलं. ते घाईघाईनं गाडीत बसले.

शेजारी सबनीस. मागं सीट नव्हतीच, तिथल्या फळीवर नत्थूजी पाय पोटाशी घेऊन, हातात बांबूची पट्टी धरून बसले. गाडी निघाली. जन्मात पहिल्यांदा शरच्चंद्र देशकर आपली गाडी बंद पडावी म्हणून देवाची प्रार्थना करत होते, आणि लगेच मागच्या फळीची आठवण होऊन ती प्रार्थना परतही घेत होते. देवानं पहिली तेवढी ऐकली. पागलखाना चौक दिसला. आचका, आचका, गप्प.

“पडली!” शरच्चंद्र ओरडले. त्या आवाजातला आनंद त्यांचा त्यांनाच ऐकू आला आणि लाज वाटली.

सबनीस उतरले, हात झटकले. “मिस्टर देशकर, तुमचं बरोबर होतं. सात वेळा तपासून यांना काही सापडत नसेल तर कठीण आहे. तुम्हाला आम्ही गाडी बदलून देऊ. यांचं मी ताराचंदना सांगतो.” आणि समोरच्या रसवंतीकडं चालू लागले.

नवी गाडी! शरच्चंद्रांच्या मनात लाल रंग ठेवावा की निळा, हा विचार येऊनसुद्धा गेला.

नत्थूजी फळीवरून कसेबसे खाली उतरले. नोकरी जात होती, पण हाताची सवय गेली नव्हती. “पेट्रोल तं पाहून घेतो,” असं पुटपुटत त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स्स.

लांबलचक आवाज. टाकीनं भरपूर हवा आत ओढून घेतली.

शरच्चंद्र जागच्या जागी थिजले. हा आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता. टर्बाइन थांबवताना कंडेन्सरमध्ये हवा सोडली की असाच आवाज येतो. त्या कंडेन्सरमधला व्हॅक्यूम सांभाळण्यासाठी तर सरकार त्यांना पगार देत होतं! पेट्रोल कमी होत गेलं की त्याच्या जागी हवा यायला नको का? त्यासाठी तर ते भोक होतं! आणि वर्कशॉपमध्ये गेल्या गेल्या पट्टी बुडवायला झाकण उघडायचं, हवा आत जायची, म्हणून तिथं गाडी कधी अडली नव्हती. चौकात अर्धा-पाऊण तास उभं राहून हवा हळूहळू आत झिरपलेली असायची, म्हणून तिथं हा आवाजही कधी आला नव्हता. रबर, गॅस्केट, जास्तीची पोळी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. सातही खेपांना नत्थूजींनी खरं तेच लिहिलं होतं.

नत्थूजींना यातलं काही कळलेलं दिसत नव्हतं. सबनीस पलीकडं रस पीत होते. कोणालाही काही सांगायची गरज नव्हती. झाकण खिशात टाकलं असतं तर नवी गाडी दारात आली असती. शरच्चंद्रांनी झाकण हातात घेतलंसुद्धा. आतला गॅस्केटचा तुकडा किती सफाईनं कापला होता! त्या सफाईची त्यांना शिसारी आली.

तेवढ्यात मागून कामगारांची बस आली. “साहेब, आज तिघं तिघं भरती का गा?”

“नाही,” शरच्चंद्र पहिल्यांदाच वळून ओरडले, “आज एकच! मीच!”

मग ते रसवंतीकडं गेले आणि सबनीसांना झाकण दाखवून सगळं सांगितलं. सबनीस इतके हसले की रस नाकात गेला. नवी गाडी अर्थातच मिळाली नाही, नत्थूजींची नोकरी मात्र शाबूत राहिली. “आणि नत्थूजींबद्दल मी जे लिहिलं ते माझ्याबद्दल आहे असं समजा. अडाणी तर मी आहेच. लबाड व्हायचा थोडक्यात वाचलो,” असं शरच्चंद्र म्हणाले. ते त्यांनी तिथंच रसवंतीच्या बाकावर बसून लेखीही दिलं.

गॅस्केट काढलेलं झाकण लावून गाडी सदरपर्यंत एकदाही न थांबता गेली. वर्कशॉपमध्ये नत्थूजींनी आठवं कार्ड काढलं, कानामागची पेन्सिल घेतली आणि बराच वेळ लिहीत राहिले. शरच्चंद्र खाली मान घालून उभे होते. हे कार्ड वसाहतीत फिरणार, बसमध्ये मोठ्यानं वाचलं जाणार, आणि तेच योग्य होतं.

नत्थूजींनी कार्ड पुढं केलं. तपासणीच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: दोष आढळला नाही.

“नत्थूजी, अहो, हे काय? सापडला ना दोष!”

नत्थूजींनी पेन्सिल पुन्हा कानामागं ठेवली.

“या कार्डावर गाडीचा दोष लिहा लागते साहेब,” ते म्हणाले. “मानसाचा लिहाले यात जागाच नाही.”