बिगर म्हणजे मोठा

“‘मोअर बिगर’ नाही हो बाबा, नुसतं ‘बिगर’!” लेकीने कपाळाला हात लावला.

“अगं, बिगर म्हणजे शिवाय. बिगरकामाचा, बिगरबुटाचा. तो मोठा कसा होईल?”

“इंग्रजीत होतो. लहान शब्दाला मागे ‘अर’ची शेपटी, लांब शब्दाच्या पुढे ‘मोअर’. आणि गुडचं गुडर नाही, बेटर.”

“का बरं?”

“नाही म्हणजे नाही. पाठ करा.”

सव्वीस वर्षं मी बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसतोय. गिऱ्हाईक दारातून आत आलं की चालीवरून नंबर सांगतो. पण नव्या मालकांनी फर्मान काढलं, काउंटरवर एकच माणूस राहणार, इंग्रजी येणारा. महिन्याने परीक्षा घेणार, हरेल तो गोदामात. म्हणजे एक तर मी, नाहीतर नवी आलेली पोरगी. गोदामात नुसती खोकी, माणूस नावाला नाही. मला तिथे मुळीच जायचं नव्हतं. महिनाभर घोकंपट्टी केली. बायको म्हणायची, “झोपेत ‘वर्स्ट, वर्स्ट’ करता. मला तर नाही ना म्हणत?”

परीक्षेला मालकसाहेबांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. “एकमेकांची तुलना करा. इंग्रजीत. काका, आधी तुम्ही.”

मी सुरूच झालो. शी इज यंगर दॅन मी. शी इज फास्टर दॅन मी. हर इंग्लिश इज बेटर. मग लांब शब्द आला, आधी मोअर लावला. शी इज मोअर युसफुल दॅन मी.

एकही चूक नाही! मी छाती काढून बसलो. पोरगी हळूच म्हणाली, “अहो काका, हे काय बोललात?” तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. शेपट्या सांभाळायच्या नादात मी काय बोलतोय ते ऐकलंच नव्हतं.

तिची पाळी आली. तिचे डोळे भरले होते. “ही इज द बेस्ट,” एवढंच म्हणाली.

“चूक,” साहेब म्हणाले. “दोघांत बेस्ट नसतो, बेटर म्हणायचं.”

काउंटर तिलाच मिळालं. राग आला, पण तो माझा मलाच.

घरी लेक दारातच उभी. “किती चुकली?”

“एकही नाही.”

“मग झालं तर!”

मी खिशातली बूट चढवायची पितळी पट्टी काढून टेबलावर ठेवली. सव्वीस वर्षांत ती कधी घरी आली नव्हती.

“ही का आणलीत?”

“उद्यापासून गोदाम. बिगरकामाची झाली.”

तिने अर्थ दुरुस्त केला नाही.