जांभळ्या धाग्याच्या दोन सळ्या

रूपालीताईच्या लग्नाच्या बायोडाट्यात ‘आहार : शुद्ध शाकाहारी’ हे मीच टाईप केलं होतं. सांगत होती काकू, ताईची आई. मी मान वर करून विचारलं, “काकू, शुद्ध?”

“घरात शिजते काय कधी? नाही ना? मग शुद्धच झालं.”

आमच्या घरचा हा हिशेब जुना आहे. आम्ही मूळचे अमरावतीकडचे, आजोबांच्या वेळेपासून रायपुरात, आणि आमच्याकडे चूल शाकाहारी असली की माणसं आपोआप शाकाहारी ठरतात. बाहेर खाल्लेलं बाहेरच राहतं. उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, एवढंच. म्हणून दर शुक्रवारी घरी शिरायच्या आधी मी आणि ताई लिंबाच्या फोडीने बोटं चोळतो आणि मूठभर सोप, म्हणजे बडीशेप, खातो. काकू दार उघडते, आमच्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, “आलात? हात धुवा.” तिला सगळं माहीत आहे. पण तिने कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही.

शुक्रवार म्हणजे अप्पाराव अन्नाचा ठेला. तेलीबांधा तलावाच्या कडेला, लांबट शेगडी, पांढरे पडत आलेले निखारे आणि विशाखापट्टणमहून गाडीने बर्फात आलेले झिंगे. अन्ना त्यांना लाल मिरची, लसूण, चिंच असं काहीतरी चोपडतो, सळईत ओवतो आणि पुठ्ठ्याने वारा घालतो. कवच कडेने काळं पडलं, आतलं मांस गुलाबी झालं की लिंबू पिळून पळसाच्या पानांच्या दोन्यात. पहिला घास जिभेवर ठेवला की आधी धूर लागतो, मग गोडसर काहीतरी, आणि मग एकदम कानातून वाफ! प्रत्येकाचं तिखट वेगळं, म्हणून अन्ना नेहमीच्या गिऱ्हाईकांच्या सळईला रंगीत धागा बांधतो. माझा पिवळा, म्हणजे लहान मुलांचा. ताईचा जांभळा. जांभळ्या धाग्याचं तिखट अख्ख्या रायपुरात तीनच माणसं खातात, असं अन्ना म्हणतो.

ताई एकोणतीसची आहे. नवा रायपूरला एका ऑफिसात काम करते, सकाळी आठची बस पकडते, दिवसभर दुसऱ्यांच्या फायली नीट लावते. तिला दोन स्थळांनी नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी ती त्या शुक्रवारी ठेल्यावरच आली नाही. म्हणून भिलाईचं तिसरं स्थळ आलं तेव्हा काकूने कुठेच फट ठेवली नाही. मुलगा रणजित, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला, घर कडक शाकाहारी. दोघांनी आधी बाहेर भेटावं असं ठरलं. वार शुक्रवार, जागा तलावाजवळचं कॉफीचं दुकान. सोबत मी.

“आणि तू तोंड उघडू नको,” काकूने मला बजावलं. “ऑगस्टपासून थांबतच नाही ही पोट्टी.”

खरं आहे. ऑगस्टपर्यंत मला ऑटोवाल्याला ‘भैया, रोकना’ म्हणायची लाज वाटायची, त्यामुळे मी दोन चौक पुढे उतरून चालत मागे यायची. मग स्वातंत्र्यदिनाला सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली, मॅडमनी माईक माझ्या हातात कोंबला, आणि मला कळलं की माझा आवाज खूप मोठा आहे आणि मला तो खूप आवडतो. तेव्हापासून मी सगळ्यांना सगळं सांगून राहिली आहे.

तर, कॉफीचं दुकान खचाखच भरलेलं. रणजितराव म्हणाले, “चालू थोडं, जागा होईपर्यंत.” आम्ही चालायला लागलो. ताईने मोरपंखी कुर्ता घातला होता आणि ती अशी हळू हळू बोलत होती की मलाच ओळखू येईना. मी गप्प. शपथेवर गप्प. फक्त मनात मोजत होते, की बायोडाट्यात उंची पाच-आठ लिहिलेला माणूस पाच-सातच्या ताईपेक्षा जरासुद्धा उंच कसा काय दिसत नाही.

आणि वारा तलावाकडून आला.

मी ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. ती दर शुक्रवारी दुपारी अन्नाला मेसेज टाकते. त्या दिवशी टाकला नव्हता. पण अन्ना काय मेसेजवर अवलंबून आहे?

“दीदी! ओ दीदी!” पुठ्ठा हलवत तो ओरडला. “आपका बैंगनी वाला तैयार है!”

ताई सरळ बघत चालत राहिली.

अन्नाला वाटलं ऐकू गेलं नाही. तो दोना घेऊन मागे पळत आला, जांभळा धागा बांधलेल्या दोन सळ्या, वर लिंबू. “क्या हुआ दीदी? पिछली बार मिर्ची कम पड़ी क्या?”

“तुम्ही ओळखता यांना?” रणजितरावांनी विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली.

अन्नाला मराठी येत नाही, पण ‘नाही’ सगळ्यांना समजतं. त्याचा हात दोन्यासकट खाली आला. चार वर्षं तो तिचे झिंगे बाजूला काढून ठेवतो आहे.

मला ते बघवलं नाही. “माझे आहेत ते!” मी ओरडले. “मी खाते! एकटी! घरचं कोणीच नाही खात!” आणि पुरावा म्हणून मी दोना ओढून घेतला आणि सळईतला सगळ्यात मोठा झिंगा तोंडात टाकला.

पहिले दोन सेकंद बरे गेले. मग जिभेवर कोणीतरी शेगडीच उलटी केली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मी जागच्या जागी नाचायला लागले. “रोज खाते,” मी कसंबसं म्हणाले, “हा... हाऽ... आवडते मले...”

रणजितरावांनी पाण्याची बाटली पुढे केली. आणि ताई हसली. खरं हसली, खांदे हलवून, तशी ती फक्त शुक्रवारी हसते. तिने माझ्या हातातून सळई घेतली, एक झिंगा दातांनी अलगद ओढला, शांतपणे चावला. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

“माझे आहेत,” ती म्हणाली. “दर शुक्रवारी, दोन सळ्या. बायोडाट्यात खोटं आहे. हिने टाईप केलं, पण वाचून मी हो म्हटलं.” मग अन्नाकडे वळली. “सॉरी अन्ना. मिर्ची एकदम सही है.”

“वो तो हमको मालूम था,” अन्ना म्हणाला, पण ठेल्याकडे जाऊन त्याने पुठ्ठा परत हलवायला घेतला तेव्हा चेहरा उजळला होता.

रणजितरावांनी दोन्यातल्या उरलेल्या सळईकडे बघितलं. मग म्हणाले, “मी खरंच नाही खात. अंडं पण नाही.”

“बरं,” ताई म्हणाली.

“पण थंडे होऊन राहिले ते,” रणजितराव म्हणाले. “बसून खा ना तुम्ही.”

आम्ही ठेल्याच्या बाकावर बसलो. अन्नाने नवी कोरी सळई धुऊन त्यात कांदा आणि शिमला मिरची ओवली, शेगडीच्या दुसऱ्या टोकाला वेगळे निखारे ओढले. रणजितरावांनी त्याच्याकडे दोनदा बघून खात्री करून घेतली. मग एक फोड खाल्ली आणि खोकत म्हणाले, “मी पण एक सांगून टाकतो. माझी उंची पाच-आठ नाही.”

“हव, दिसलं ते,” मी म्हणाले. ताईने माझ्या पायावर पाय दिला.

“पाच-साडेसहा. बाबांनी वाढवली.” ते थांबले. “आई काय म्हणेल माहीत नाही. आमच्या किचनमध्ये तर हे शिजणार नाही.”

“माझ्या पण किचनमध्ये नाही शिजत,” ताई म्हणाली. “इथे शिजते. शुक्रवार तेवढा मी सोडणार नाही.”

“विचार करून सांगतो,” ते म्हणाले. खोटं गोड बोलले नाहीत, हे मला आवडलं.

त्या दिवशी ताईने बोटांना लिंबू चोळलं नाही. दारात काकूने विचारलं, “काय म्हणाला?” आणि ताईने तिथेच, उंबऱ्यावर उभं राहून, सगळं सांगितलं. झिंग्यांसकट. काकू सोफ्यावर बसली. “गेलं तिसरंही,” ती म्हणाली, आणि पदराने चष्मा पुसत राहिली.

“आई, चौथं आलं तरी मी हेच सांगेन,” ताई म्हणाली आणि तिच्याजवळ बसली. “त्या माणसासमोर मी अन्नाला ओळखत नाही म्हटलं गं. मले माझीच लाज वाटली.”

काकूने तिचा हात हातात घेतला. बोटं अजून लाल होती. मग माझ्याकडे वळली. “काय उभी आहे? काढ तो लॅपटॉप.”

मी फाईल उघडली.

“लिही. आहार : घरी शाकाहारी.”

“आणि बाहेर?” मी विचारलं.

काकूने सुस्कारा सोडला. “बाहेर शुक्रवार लिही.”

मी टाईप करतच होते, तेवढ्यात ताईचा फोन वाजला. भिलाईहून एक फाईल आली होती, रणजितरावांचा बायोडाटा, तोच, फक्त एक ओळ बदललेली. उंची : पाच फूट साडेसहा इंच, बूट काढून.

ताईने ती ओळ तीनदा वाचली. मग म्हणाली, “संपदा, आपला झाला का? पाठव.”