टोप आणि तीच चित्रं

"ब्याण्णव!" टोपगुरूंनी बेकरीवाल्याच्या बुद्धीचा आकडा पुकारला. मग त्याच्या डोक्यावर तांब्याच्या तारांचा टोप चढला, दिवे लुकलुकले, घूं घूं झालं आणि तीच परीक्षा पुन्हा झाली.

"एकशे सहा!"

लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. बेकरीवाला टोप काढायला तयार होईना.

"अहो, टोप घालूनच पाव भाजणार का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मेंदू झोपतो, मंडळी!" टोपगुरू म्हणाले. "आमच्या लहरी त्याला गदागदा हलवून उठवतात. बुद्धी वाढते, आणि आकडा कधी खोटं बोलत नाही!"

तिसऱ्या रांगेत विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते, त्यांचे हात मांडीवरच होते. लेकीचा ताप मेंदूपर्यंत गेला, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून बाईंना ना राग येत होता, ना रडू. पोर हसायची, बोलायची, पण नवं काही तिच्या लक्षात राहत नव्हतं. दवाखान्यातल्या ताई तिच्याकडून रोज स्मरणाचे व्यायाम करून घेत.

"उद्यापासून दवाखान्यातलं बंद," नवरा म्हणाला होता. "वर्षभरात पोरीच्या लक्षात नव्या शाळेचा रस्ता राहिला नाही. इथं बसल्या बैठकीला उजेड पडतोय."

"बघू," त्या म्हणाल्या होत्या. हल्ली सगळ्यालाच त्या 'बघू' म्हणत.

लेकीची पाळी आली. चित्रातला एक तुकडा गायब, तो कोणता ते ओळखायचं. जीभ बाहेर काढून तिनं नीट विचार केला. एक्क्याण्णव. मग टोप, दिवे, घूं घूं. चित्रं पुन्हा समोर आली.

"अय्या, छान आहेत ही," ती म्हणाली. "आधी का नाही दाखवलीत?"

बाई पुढे सरकून बसल्या. आकडा आला, पुन्हा एक्क्याण्णव.

"गंज फार चढलाय," टोपगुरू म्हणाले. "बऱ्याच बैठका लागतील." नवऱ्यानं मान डोलावली.

बाई उभ्या राहिल्या. "टोप न घालता कुणाला दोनदा सोडवायला द्याल का?"

"श्रद्धा नसली की लहरी अडतात, बाई."

"मग आमच्या हिला बसवा!" बेकरीवाला म्हणाला. "हिची तर माझ्यावरही श्रद्धा नाही."

हशा पिकला. टोपगुरूंना नाही म्हणता येईना. बेकरीवाली बसली. पहिला आकडा आला. मग टोपाऐवजी तिनं शेजारणीशी मनसोक्त गप्पा मारल्या आणि पुन्हा बसली. आकडा चांगलाच वर गेला, बेकरीवाल्याच्याही पुढे. हसू विरलं.

"म्हणजे टोपात काय आहे?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"दिवे," बाई म्हणाल्या. "चित्रं दोन्ही वेळा तीच आहेत. एकदा पाहिलेलं कोडं दुसऱ्यांदा लवकर सुटतं. तुमच्या वयाच्या इतरांच्या मानानं ती कोडी तुम्हाला त्या दिवशी कशी जमली, एवढंच हा आकडा सांगतो. तीच कोडी पुन्हा दिली, की तो सराव मोजतो. कुणी चमत्कार दाखवला तर टोप काढून करून बघा, नवी चित्रं मागा. मग हवा तर विश्वास ठेवा."

टोपगुरू टोपाची वायर गुंडाळू लागले.

बाईंचा नवरा जवळ आला. हळूच म्हणाला, "मग हिचाच का नाही वाढला?"

उत्तर बाईंना उभं राहण्याआधीच कळलं होतं. वर्गात सांगावं तशा सपाट आवाजात त्या म्हणाल्या, "तिला पहिली वेळ आठवतच नव्हती."

तो लेकीकडे गेला. ती टेबलापाशी उभी होती. तारांवरून बोट फिरवत तिनं विचारलं, "बाबा, हा कसला टोप? मी एकदा घालून बघू?"

त्यानं टोप हळूच बाजूला सरकवला.

"नको, बाळा," तो म्हणाला. "उद्या आपल्याला ताईंकडे जायचंय."