ओल्या हळदीत दोन सुया

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, यकृतात लिंबाएवढी गाठ होती, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून. कापायला गेलं तर रक्तवाहिनी फुटायची भीती, जाळायला गेलं तर वाहतं रक्त तिथली उष्णता ओढून नेणार आणि काठावरची गाठ तशीच राहणार. दोन डॉक्टरांनी हात टेकले. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या, विजेनं करायच्या एका नव्या उपचाराची चाचणी सुरू असल्याचं मला समजावून सांगितलं. सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

सोमवार उजाडला तरी आत्याबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. आमच्याकडे बाईचं दुखणं ओट्यावर पुरुष ठरवतात आणि आत येऊन सांगतात, "पित्ताचं हाय, होईल बरं." मोठ्या भाऊजींनी, बालाजीरावांनी, ठरवूनही टाकलं होतं.

"म्हातारीला करंट देऊन राहिले का आता? न्हाई म्हणून कळव."

माझे यजमान, आरोहीचे बाबा, पुण्याहून फोनवर म्हणाले, दादा म्हणतील तसं.

मी तान्ह्या आरोहीला पाजून झोळीत टाकलं. तिच्या झोपेचा तास तेवढा माझा. अंगणात ओल्या हळदीचा ढीग शिजवायला पडला होता. त्यातला एक जाड गड्डा उभा कापला, मिठाचं पाणी शिंपडलं, दोन सुया टोचल्या आणि वायरी फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडल्या. ते सगळं ताटात घेऊन आत्याबाईंसमोर बसले.

"आत्याबाई, तुम्हाला पित्त नाही. गाठ आहे. कॅन्सरची."

भाऊजी ओट्यावरून आत आले. "सरिता, तोंड आवर."

"नाही आवरत," मी म्हणाले.

आत्याबाईंनी आधी भाऊजींकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे बोट केलं. "हे काय मांडलंस?"

काळ्या वायरीच्या सुईभोवती पिवळी हळद लाल होत चालली होती.

"बघ माय, रगत," भाऊजी म्हणाले.

"हळदीला कुठलं रगत रे? चुना लागला की हळद लाल होते. जलमभर घरी कुंकू केलंय म्या." त्या माझ्याकडे वळल्या. "पण चुना कुठाय?"

"विजेनं तसलंच पाणी तिथल्या तिथं तयार केलं. दुसऱ्या सुईपाशी आंबट होतं. दोन्ही गाठीला मारतात. पण गाठीच्या बारीक बारीक कणांना कातडी असते, ती आत शिरू देत नाही. म्हणून पापणी लवायच्या आत संपणारे विजेचे झटके देतात. कातडीला भोकं पडली की हे पाणी आत जातं. जाळत नाहीत, म्हणून रक्तवाहिनी वाचायची आशा. पोटही फाडत नाहीत. तुम्हाला झोपवून सुया घालतात."

"किती जणांना केलं?"

"थोड्यांनाच. चाचणीच आहे ती."

"मी मरन का त्याच्यात?"

या बाईंनी माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस मला पाण्यात हात घालू दिला नव्हता.

"मरू शकता. नाही केलं तरी."

त्यांनी मान हलवली, भाजीचा भाव ऐकल्यासारखी. मग भाऊजींकडे पाहिलं. "मला न विचारता न्हाई कोण म्हणलं?"

"माय, तुला तकलीफ नको म्हणून..."

"तकलीफ माझी हाय. तू काहून ठरवून राहिला?"

झोळीत आरोही कुरकुरली. आत्याबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "लाव फोन."

मी नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून कोणीतरी विचारलं, पेशंटचे नातेवाईक बोलताय का?

"न्हाई. गाठ माझी हाय, मीच बोलून राहिले. व्हय म्हणून लिवा."

पलीकडची व्यक्ती बराच वेळ समजावत होती. आत्याबाई ऐकत होत्या, मधेच "ते सुनेनं सांगितलं" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर त्या भाऊजींना म्हणाल्या, "गुरुवारी बोलावलंय, सकाळी गाडी काढ. ही येईल संग, लेकरू घेऊन. हळद तू शिजव."