आचलचा मागचा ब्रेक

आचलच्या वडिलांनी, शेषरावांनी, तीन वर्षांत मंजुषाला एकदाही फोन केला नव्हता. कार्तिकातल्या एका सकाळी केला आणि एवढंच म्हणाले, की आचलची सायकल घेऊन जा, आता ती घरात ठेववत नाही. का ठेववत नाही, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मंजुषा मूळची दर्यापूरकडची, पण अकोल्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायची. गिअरच्या, पोरांच्या, दूधवाल्यांच्या, सगळ्या सायकली तिच्याकडे यायच्या. फक्त तेलावर चालणारा डिस्क ब्रेक कुणी आणला, की ती त्याला पुढच्या चौकातल्या मिस्त्रीकडे पाठवायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाईला हे काम येत नसेल. तिला ते चांगलंच येत होतं.

अमरावतीत कॉलेजात असताना ती आणि आचल ट्रायल्सच्या नादी लागल्या होत्या. ही शर्यत नव्हे. बिनसीटच्या सायकलवर उभं राहून, जमिनीला पाय न टेकवता, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या घ्यायच्या. सगळा खेळ मागच्या ब्रेकचा. मागचं चाक गच्च आवळून त्या एका चाकावर तोल धरायचा, ब्रेक सोडून पेडलला झटका द्यायचा आणि पलीकडे उतरल्या क्षणी पुन्हा आवळायचं. त्या वेळी चाक वीतभर जरी सरकलं तरी माणूस पाठीवर जातो.

आचलला तारेचा ब्रेक हवा होता. तार झिजली तर डोळ्यांना दिसते, ती म्हणायची. नळीतलं तेल काय करतंय हे कुणाला कळणार? मंजुषानं तिला पंधरा दिवस समजावलं. तारेच्या ब्रेकला दोन बोटं लागतात, तासाभरात हात भरून येतो. तेलाचा ब्रेक एका बोटावर धरतो, बाकीची बोटं हँडलवर राहतात. तेल बदलणं, नळीतली हवा काढणं हे सगळं मी करीन, असं तिनं कबूल केलं. पुण्याच्या एका खेळाडूची जुनी सायकल आली तेव्हा तिला तोच ब्रेक होता, आणि महिनाभरात आचलनं तारेचं नाव काढणं सोडलं.

दसऱ्याला दोन दिवस असताना मंजुषानं आपल्या खोलीवर त्या ब्रेकचं तेल बदललं. शेवटची नळी काढताना एक थेंब ब्रेक पॅडवर पडला. पॅड तेल पितो आणि मग चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं तो स्पिरिटनं पुसला, उन्हात धरला, परत बसवला. नवी जोडी आचलच्या पाऊचमध्ये होती. रविवारी बदलू, असं तिनं मनाशी ठरवलं आणि संध्याकाळी आचल सायकल घरी घेऊन गेली तेव्हा बोलायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी आचल फुलांच्या बाजारातून थेट गिट्टीच्या जुन्या खदानीवर आली. उशीर झाला होता, बोटं झेंडूनं पिवळी होती. तिसऱ्या उडीला ती उंच दगडावर उतरली, मागचं चाक टेकलं आणि सरकलं. मंजुषा दहा हातांवर उभी होती. आचल मागच्या मागे खाली आली, दोन दगडांच्या मधे, मानेवर. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

थेंबाबद्दल मंजुषा कुणाशी बोलली नाही. पण तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट तेव्हापासून तिचं राहिलं नाही. बसमध्ये बसली असताना, भाकरी थापताना, ते आपोआप वाकायचं आणि हवेत काहीतरी आवळायचं. दुकानासमोर कुणी सायकल उलटी ढकलली, मागचं चाक मागे सरकलं, तरी तिला तोंड फिरवावं लागायचं.

ती आचलच्या गावी, भातकुलीला पोचली तेव्हा दुपार झाली होती. दिवाळीची तोड होऊन गेलेली, घरामागच्या वावरात झेंडूची झाडं वाळून उभी होती. शेषराव तिला सरळ कोठ्यात घेऊन गेले. फुलांच्या कॅरेटच्या वर, आढ्याच्या हुकाला, पुढच्या चाकानं सायकल टांगलेली होती. तिच्यावर धूळ नव्हती. मागच्या ब्रेकच्या लिव्हरचा काळा रंग पार उडाला होता आणि आतला धातू हात लागून लागून चकाकत होता.

मंजुषानं विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मी दाबतो. रोज सकाळी, पाणी द्याले जाच्या आंधी."

मग हळूहळू सगळं सांगितलं. लिव्हर रोज वेगळं लागायचं. कधी गच्च, कधी पार दांड्याला जाऊन टेकायचं. गच्च लागलं की त्यांना वाटायचं पोरगी रागात आहे. ढिलं लागलं की वाटायचं तिनं हात सोडला. वैशाखात एका दुपारी चाक आपोआप जाम झालं होतं, कुणी दाबलेलं नसताना. ते संध्याकाळपर्यंत सायकलपुढे उभे राहिले. आचलच्या आईनं, लीलाबाईंनी, तेव्हापासून कोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. तिथे कुणीतरी आहे म्हणून नाही; नवरा तिथे बोलत उभा असतो, ते ऐकवत नाही म्हणून.

मंजुषानं त्यांना कारण सांगितलं. उन्हानं तेल फुगतं आणि ब्रेक आवळला जातो. सायकल अशी उभी टांगली की लिव्हरपाशी असलेल्या तेलाच्या टाकीतली हवा नळीत शिरते आणि लिव्हर ढिलं पडतं. शेषरावांनी मान डोलावली. कारण पटलं, पण त्यानं काही फरक पडला नाही, असं ते डोलावणं होतं.

दोघांनी मिळून सायकल खाली घेतली. तिला जे पाहायचं होतं ते पाहिल्याशिवाय सायकल अकोल्याला नेणं तिला शक्य नव्हतं. तिनं खिशातला पाना काढला, पिन सोडवली आणि पॅड तळहातावर घेतले.

ते कोरे होते. तिनं बसवलेली जोडी अर्धी झिजलेली होती. ही जाड होती, वरचा खरखरीत थर जेमतेम घासला गेला होता.

तिनं पाऊचबद्दल विचारलं. लीलाबाईंनी तो कपाटात लुगड्यांखाली ठेवला होता. त्या घेऊन आल्या, कोठ्याच्या उंबऱ्यावरूनच हातात दिला आणि परत चुलीकडे गेल्या. पाऊचमध्ये पेपरच्या तुकड्यात गुंडाळलेली जुनी जोडी होती. एका पॅडवर डाळीएवढा काळा डाग. पेपर त्याच दिवशीचा होता, ती गेली त्या दिवशीचा.

मंजुषा कॅरेटवर बसली. आचलला डाग दिसला होता. तिनं सकाळी स्वतः पॅड बदलले होते आणि खदानीवर आल्यावर एक शब्द बोलली नव्हती.

"काका, तेल मी सांडवलं होतं," ती म्हणाली. "मले दिसलं होतं. मी सांगतलं नाई तिले."

"मले मालूम हाय," शेषराव म्हणाले.

तिनं वर पाहिलं.

त्या सकाळी आचल अंगणात बसून पॅड बदलत होती, ते सांगू लागले. हसत होती. मंजूनं तेल सांडवलं, तिले सांगजा नका, रडत बसन, म्हणाली होती. मग म्हणाली, नवे पॅड घासा लागतात. सायकल पळवायची, हळूहळू ब्रेक मारायचा, असं तीस-चाळीस वेळा केल्याशिवाय ते धरत नाहीत. अर्धा तास द्या. पण गाडी दारात उभी होती, दसऱ्याचा बाजार होता आणि फुलं तोडून ठेवलेली होती. ते तिला म्हणाले होते, आधी पोती लाद, खेळ मग.

"दोन-तीन चकरा मारल्या तिनं. मी आवाज देल्ला. तशीच उतरली बिचारी." त्यांनी लिव्हरवर हात ठेवला. "तीन वर्षं मी हे दाबून राहिलो. म्हटलं, एखाद दिवशी कळन, लिव्हरच खराब होतं म्हून. मंग कोणाचं काई नाई." ते थांबले. "तुले यातलं समजते. म्हून बलावलं. त्या अर्ध्या तासानं फरक पडला असता का?"

नाही म्हणणं सोपं होतं. नळीत हवा होती, दगड ओला होता, काहीही सांगता आलं असतं आणि त्यांनी ते घेतलंही असतं. मंजुषानं पॅडवरून बोट फिरवलं. जिथे घासायला हवं होतं तिथे तो अजून खरखरीत होता.

"पडला असता," ती म्हणाली. "अन् मी तेल सांडवलं नसतं, तं तो अर्धा तास लागलाच नसता."

बाहेर मोटारीचं पाणी पाटात पडत होतं. शेषरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं, डोळे पुसले नाहीत, आणि म्हणाले, "घास मंग."

तिनं पॅड बसवले. सायकल जमिनीवर उभी करून शंभरेक वेळा लिव्हर दाबलं. नळीतली हवा वर टाकीत निघून गेली आणि लिव्हर घट्ट झालं. मग वावराच्या कडेच्या गाडवाटेवर ती पेडलवर उभी राहिली. तीन वर्षांत ती अशा सायकलवर चढली नव्हती. पहिल्या खेपेला ब्रेक मारल्यावर सायकल तशीच पुढे घसरत गेली, जणू मधे काही नव्हतंच. तिनं वळवून परत आणली. शेषराव बांधावर उभे राहून मोठ्यानं मोजत होते. दहाव्या खेपेला थोडी पकड आली. विसाव्याला वास आला, तापल्या पॅडचा. पंचविसाव्यानंतर ब्रेक ओरडू लागला, लांब, घोगरा, हंबरल्यासारखा. या घरानं तो आवाज आचल असताना रोज ऐकला होता.

लीलाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी वाटेकडे पाहिलं नाही. डोळे मिटून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. शेषरावांचं मोजणं मधेच बंद पडलं. मंजुषानं लीलाबाईंना पाहिलं आणि उतरावं की चालवत राहावं, हे तिला कळेना. चाळिसाव्या खेपेला तिनं ब्रेक आवळला, मागचं चाक जागच्या जागी खिळलं, आणि सगळीकडे शांत झालं.

"थांबली काहून?" लीलाबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

कुणाला विचारलं, ते मंजुषाला कळलं नाही. तिनं सायकल वळवली आणि पुन्हा पळवली.